तव्याला सरावलेले हात

डॉक्टर मॅडमनी मला डोळे मिटायला सांगितलं. त्या कापसाचं टोक हातावर टेकवणार आणि जिथे लागेल तिथे मी बोट ठेवून दाखवायचं, असं होतं. मी वाट बघत बसले. डोळे उघडले तर कापूस माझ्या करंगळीवरच होता.

मग त्यांनी कोपराच्या आतली नस चाचपली. ती दोरीसारखी जाड झाली होती. "हॅन्सन्स डिसीज है," त्या म्हणाल्या. माझा चेहरा कोराच राहिलेला बघून त्यांनी साधा शब्द वापरला. कुष्ठरोग.

जबलपूरच्या गोरखपूर भागात आमचं एकत्र कुटुंब. घरी महालक्ष्म्या बसतात, आणि त्यांच्या नैवेद्याच्या पुरणपोळ्या वर्षानुवर्षं माझ्याकडे. मी उलथनं हातात धरत नसे. तापल्या तव्यावरची पोळी सरळ बोटांनी उलटायची आणि बायका कौतुकानं म्हणायच्या, हिचे हात तव्याला सरावले. मीही फुशारून जायची. अलीकडे फोड यायचे पण चटका बसल्याचं समजायचं नाही. यात काही विचित्र आहे असं घरात कुणालाच वाटलं नाही, मला धरून.

मॅडमनी शांतपणे समजावलं. हा जंतूंचा आजार, त्वचेला आणि नसांना धरतो, पूर्ण बरा होतो. एमडीटी म्हणजे एकत्र घ्यायची काही औषधं, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. ती सुरू झाली की लवकरच दुसऱ्याला लागण व्हायची भीती उरत नाही. वेगळं ताट नको, वेगळी खोली नको. फक्त एक बजावलं. रिअॅक्शन येऊ शकते, म्हणजे शरीर त्या जंतूंशी भांडताना नस सुजते आणि निकामी होऊ शकते. "हाथ दुखे या उंगली की ताकत जाए, तो उसी दिन आना. रुकना मत."

घरी आल्यावर आमचे हे दार लावून म्हणाले, "कोणाले सांगू नको. स्किन अॅलर्जी झाली म्हणू." ते वाईट माणूस नाहीत, घाबरले होते. मीही घाबरले होते, म्हणून ऐकलं.

लपवायचं ठरवलं की माणूस स्वतःच्याच घरात चोर होतो. एका औषधानं लघवी लाल व्हायची, म्हणून मी संडासात पाण्यावर पाणी ओतायची. दुसऱ्यानं रंग काळवंडला. धाकट्या जावेनं प्रेमानं हळद-बेसनाचं उटणं आणून दिलं. मी ते रोज इमानदारीनं चोळत होते, आणखी काय करणार? दाढ दुखली तेव्हा जवळच्या दातांच्या डॉक्टरला मी औषधांची नावं खरी सांगितली. त्यानं हातातली अवजारं खाली ठेवली आणि म्हणाला, पहले वो इलाज पूरा कर लो. त्यानंतर मी कुठेच खरं सांगितलं नाही.

दवाखान्यात ही औषधं मिळतात त्या खिडकीपाशी मला कुणी बघू नये म्हणून ह्यांनीच काहीतरी कारणं सांगून गोळ्या आणायला सुरुवात केली. गोळ्या वेळेवर येत होत्या. माझा हात मात्र महिनोन् महिने कुणी बघितला नाही.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी पोळी हातातून गळून पडली. कोपरापासून कळ निघाली आणि शेवटची दोन बोटं सरळ होईनात. ह्यांनी मला वरच्या खोलीत नेलं. "पाहुणे जाऊ दे. उद्या जाऊ." आतून कडी लावून मी बसले. खाली आरती चालली होती आणि मी करंगळीकडे बघत होते. रुकना मत, रुकना मत, एवढंच डोक्यात. कडी मीच लावली होती, तरी ती काढायला हात धजेना.

शेवटी डाव्या हातानं काढली आणि खाली आले. पंगत बसली होती. शहपुऱ्याहून आलेल्या ह्यांच्या आत्यांनी विचारलं, "पंगत सोडून कुठी चालली वो? काहून?"

हे मध्येच अॅलर्जीचं सांगू लागले. मी म्हटलं, "अॅलर्जी नाही, आत्याबाई. कुष्ठरोग आहे मले. इलाज चालू आहे. आज हात वाचवाचा आहे."

आत्याबाईंनी पानातली माझी पोळी हाताच्या पाठीनं बाजूला सारली. ते मी पाहिलं आणि ते मला अजून लागतं. जावेनं वाढायचं पातेलं खाली ठेवलं, चपला घातल्या आणि म्हणाली, "चला ताई, मी येते." तिचे उपकार मी विसरणार नाही.

मॅडम रागावल्या. गोली तो ली, दिखाने क्यों नहीं आईं? स्टिरॉइड म्हणजे सूज उतरवणारी औषधं सुरू झाली, बोटांना आधाराची पट्टी आली. अनामिका सरळ झाली. करंगळी वाकडीच राहिली. तुमच्यापैकी कुणी माझ्यासारखं घरात लपून बसलं असेल, तर ही करंगळी लक्षात ठेवा. ती आजारानं कमी आणि लपवण्यानं जास्त वाकली.

आता इलाज पूर्ण झालाय. यंदाही पोळ्या मीच केल्या, उलथन्यानं, हातावर नजर ठेवून. काहींना नेमका त्याच दिवशी उपास निघाला.

आत्याबाई आल्या होत्या. जेवणं झाल्यावर त्यांनी मला वरच्या खोलीत बोलावलं आणि कडी लावली. पदर बाजूला करून ब्लाउजची बाही वर सरकवली. दंडावर फिकट चट्टा होता.

"चिमटा घेतला तरी समजत नाही इथी," त्या म्हणाल्या.

कधीपासून आहे, मी विचारलं.

"तू खाली येऊन बोलली ना, त्याच्याही पहिलेपासून." त्या रडायला लागल्या. "कोणाले सांगू नको, बाई."

मी त्यांची बाही नीट केली. राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण त्या खोलीत, त्या कडीच्या आड बसणं काय असतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

"नाही सांगत," मी म्हटलं. "पण उद्या दवाखान्यात मी संग येते, अन् तुमच्या नंबराले तुम्हीच उभ्या राहा. गोळ्या दुसऱ्याच्या हातून मागवाच्या नाही."

मग मी कडी काढली.