सिंधूबाईंची जागा

रेवा, नील, तुम्ही दोघंही आता परदेशात माणसांकडून काम करून घेता. महिन्यापूर्वी रेवाने फोनवर विचारलं होतं, आजी, लोक मनापासून काम कधी करतात? मी विषय बदलला. आदल्याच दिवशी सिंधूबाई वारल्याचा निरोप त्यांच्या गावाहून, सायखेड्याहून, आला होता... आज उत्तर लिहिते आहे.

निफाडजवळच्या द्राक्षांच्या पॅकहाउसची व्यवस्था मी बारा वर्षं पाहिली. सिंधूबाई तिथे दुसऱ्या टेबलाच्या कोपऱ्यावर उभ्या राहत. बारीक कात्रीने घडातले खराब मणी काढायचे, घड डब्यात बसवायचे. हात थांबत नसत, तोंडही नाही. सासवा, सुना, मी, कुणी सुटायचं नाही. माझ्या चालण्याची त्या नक्कल करतात, हे मला ठाऊक होतं. काम मात्र त्यांचंच सर्वांत देखणं. चांगल्या कामाला बढती द्यावी, असं मी इंग्रजी पुस्तकांतून शिकले होते. मी त्यांना सुपरवायझर केलं, पगार वाढवला, खुर्ची दिली. टेबलावरची एक जण म्हणाली, "आल्या सायबीण. आता हसायचं तरी अर्ज करावा लागंल." सगळ्या हसल्या, त्याही हसल्या. पण त्यानंतर त्या जवळ आल्या की टेबल गप्प होऊ लागलं.

आठवड्याने त्या माझ्या केबिनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"म्याडम, मला माझ्या जागेवर जाऊ द्या."

"लोक म्हणतील, पदावरून काढलं. होईल सवय."

"म्हणू द्या की. हात रिकामे हायेत माझे. आन् बोलायला बी कोणी नाय."

मला तो त्यांचा संकोच वाटला. शिवाय एकदा लावलेली कामाची यादी बदलणं मला आवडत नसे. पुढच्या हंगामात त्या आल्याच नाहीत. मीही चौकशीला गेले नाही.

सायखेड्याला गेले ती त्या गेल्यावर. त्यांच्या सुनेने चहा दिला. म्हणाली, आई शेवटपर्यंत लोकांच्या बागांत मजुरीला जात होत्या. मग पुढे म्हणाली, "दर हंगामाला वाट पाह्यच्या, तुम्ही टेबलावर बोलवाल म्हून." असे पाच हंगाम गेले होते... मी चहा तसाच ठेवला.

रेवा, त्यांना काय हवं होतं ते शोधायला पुस्तक लागत नव्हतं. त्यांनी दारात उभं राहून सांगितलं होतं. मी ऐकलं आणि नाही म्हटलं. आता यात काही दुरुस्त होणार नाही.

घरी द्राक्षं आली की मी घड देठाला धरून उचलते. मण्यांना बोट लागलं की त्यांच्यावरची पांढुरकी झाक पुसली जाते, हे पॅकहाउसमधल्या माझ्या पहिल्याच दिवशी सिंधूबाईंनी मला शिकवलं. त्यांचं माझ्याकडे एवढंच उरलं आहे.