पटावरचा पांढरा दुपट्टा

वसंता गेल्याचं कळलं तेव्हा मी वर्ध्याच्या ऑफिसात डबा उघडून बसलो होतो. गावाकडचा एक माणूस दारात उभा राहून म्हणाला, "वसंताभाऊ गेले. कापूस वेचता वेचता खाली बसले, ते उठलेच नाई." मी त्यालाच दटावलं, असं कसं होईल, मागच्या रविवारी तर भेटलो! जणू भेटलेला माणूस आठवडाभर मरत नाही असा काही सरकारी नियम आहे. बेचाळीस वर्षांचा, कधी साधा तापही न आलेला माझा लहानपणापासूनचा दोस्त. सहा आठवडे झाले तरी माझं डोकं हा निरोप आत घ्यायला तयार नाही. त्याला कारण तो रविवार.

आमचं गाव रोहण्याच्या अलीकडचं. संक्रांतीनंतर तिथं शंकरपट भरायचा. बैलजोड्या सरळ पट्टीवरून सुसाट सुटायच्या आणि आजूबाजूची दहा गावं धुरळा खात बघायची. एका टोकाला लाल झेंडी घेऊन मी, दुसऱ्या टोकाला पांढरं फडकं घेऊन वसंता. पट मोकळा असला की त्यानं पांढरं वर करायचं, मग मी झेंडी खाली करायची, की जोडी सुटली. आणीबाणी उठल्यानंतरच्या संक्रांतीत मी पांढरं वर गेलेलं पाहिलं आणि झेंडी खाली केली. नेमके तेव्हाच, शर्यतीची वेळ मोजणारे आमचे म्हातारे गुरुजी पट ओलांडत होते. त्यांचा एक पाय कायमचा गेला. पांढरं वर गेलेलं माझ्याशिवाय कोणीच पाहिलं नव्हतं, सगळ्यांचे डोळे बैलांवर. वसंताला विचारलं, तर तो मान खाली घालून गप्प. पट बंद पडला तो कायमचाच. गावानं मला आंधळा झेंडीवाला ठरवलं, आणि वाईट म्हणजे हळूहळू मलाही ते पटलं. नोकरीच्या निमित्तानं मी वर्ध्याला पळालो. नऊ वर्षं गुरुजींच्या दारासमोरून गेलो नाही.

वसंता मात्र यायचा. हुरडा आणायचा, तुरीच्या शेंगा आणायचा, बायकोशी तासभर गप्पा मारायचा, पण झेंडीचा विषय चुकूनही काढायचा नाही. मला वाटायचं, काय मोठं मन आहे! त्याची एकच खोड होती. खांद्यावर पांढराशुभ्र दुपट्टा असायचा आणि घाम मात्र हातानं पुसायचा. मी चिडवायचो, "दुपट्टा का पोराच्या लग्नासाठी जपून राह्यला बे?" तो हसायचा आणि दुसरंच काही बोलायला लागायचा.

त्या रविवारी मी गावी गेलो होतो. "चाल, पटावर जाऊन येऊ," म्हणाला. मी नको नको म्हणत गेलो. बघ्यांच्या मचाणाचे नुसते खांब उरले होते. बैल धावायचे तिथं बाभळी उगवल्या होत्या, त्यांतून शेळ्या फिरत होत्या. माझा उभं राहायचा दगड मात्र जागच्या जागी होता, त्याच्या खाचेत खुणेचा चुनाही शिल्लक होता. "इथंच उभा राह्य," म्हणून वसंता बाभळी चुकवत चालत गेला, पार त्या टोकाला, आणि माझ्याकडे तोंड करून थांबला. मग त्यानं खांद्यावरचा दुपट्टा ओढला आणि तोंड पुसलं.

पांढरं वर गेलं. अगदी तसंच...

तो धापा टाकत परत आला. "फडकं घरी राह्यलं होतं त्या दिवशी. दुपट्ट्यावरच भागवून राह्यलो होतो. घाम आला, पुसला. तू बरोबर पाह्यलंतं, गड्या."

"मंग काऊन नाई सांगतलं?"

"गुरुजीचा पाय पाह्यला अन् जीभच उचलली नाई. आता सांगतो साऱ्याइले. तू काही तं बोल."

नऊ वर्षांचा राग उसळून आला. तडक फाट्यावर गेलो आणि आली ती एसटी धरली. मागून त्याची हाक आली, "येजो रे!" मी वळून पाहिलं नाही.

तेरवीला गेलो तेव्हा वसंताची बायको, शांतावहिनी म्हणाल्या, "सोमवारीच गुरुजीच्या घरी जाऊन सांगतलं त्याइनं. चौकात सांगतलं. मंग रोज संध्याकाळी फाट्यावर जाऊन बसत. म्हणत, राग उतरला का येईन तो." मी तर पुढच्या रविवारी जाणारच होतो हो. थोडा ताटकळू दे लेकाला, एवढंच मनात होतं.

निघताना वहिनींनी त्याचा दुपट्टा मला दिला. तो घेऊन मी पटावर गेलो, पण माझ्या दगडाजवळ थांबलो नाही. बाभळी चुकवत त्याच्या टोकाला गेलो आणि तो उभा राहिला होता तिथं उभा राहिलो. जे त्याला म्हणायचं राहून गेलं होतं ते मोठ्यानं म्हटलं, "जाऊ दे गड्या, झालं ते झालं." मग रडू आवरेना. मी दुपट्टा वर केला आणि तोंड पुसलं. समोरच्या दगडावर ते पाहायला कोणी नव्हतं.