इथं हजेरीचं काही नसतं

लातूरच्या त्या खोलीत चार कॉट होत्या. दाराजवळची मी मागून घेतली होती. भूकंपाला वर्षही झालेलं नव्हतं. आई-वडील गावाकडं पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते आणि मी बारावीच्या ट्यूशनसाठी लातूरला. धाकटी बहीण भूकंपात गेली. तिच्याबद्दल मी कुणाशी बोललो नाही. इथंही एवढंच लिहितो. फक्त एका रूम पार्टनरला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. ती माझी चूक.

तो नांदेडचा. वडील रेल्वेत, पोरगा हुशार, बोलायला चुरचुरीत. पहाटे पाचची बॅच असायची, म्हणून दुपारी जेवून सगळे आडवे व्हायचे. माझा डोळा लागला की तो पायानं माझी कॉट हलवायचा. लोखंडी कॉट, सगळी खडखडायची. मी उठून अनवाणी, बनियनवर, थेट रस्त्यावर पळायचो. समोर मुलींचं हॉस्टेल. हा दारात उभा राहून ओरडायचा, "अरे थांब की बे! दोन रिश्टरचाच होता!"

सगळे हसायचे. मीही हसायचो. एकदा म्हणालो, "गड्या, नको करत जाऊ असं."

"लेका, भीती घालवून राहिलोय तुझी. उपकार मान."

वर्षभर त्यानं उपकार केले. दोघांचंही मेडिकल हुकलं. मामांनी कुठून कुठून ओळखी काढून मला रशियाला पाठवलं. तो लातुरातच रिपीटर बॅचला राहिला. पुढच्या वर्षीही त्याचं जमलं नाही. मग एके दिवशी मामांचं पत्र आलं, तुझा मित्र तुझ्याच कॉलेजात येतोय, सांभाळून घे.

मी सांभाळून घेतलं. स्टेशनवर आणायला गेलो. पायात कापडी बूट घालून आला होता. त्याच दिवशी लोकरीचे घेऊन दिले. खिडकीच्या फटींना साबणाच्या पाण्यानं कागदाच्या पट्ट्या कशा चिकटवायच्या ते दाखवलं. मजल्यावरच्या सामाईक स्वयंपाकघरात काळा मसाला घालून खिचडी केली, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "तू हाईस म्हणून बरं हाय बे." त्या वर्षी पहिल्या वर्षाला आमच्याकडचा तो एकटाच होता. भाषेचा एक शब्द येत नव्हता. जे कळायचं ते माझ्याकडूनच.

चौथ्या-पाचव्या दिवशी त्यानं विचारलं, "कॉलेजात रोज जावं लागतंय का? काही समजत न्हाई. रूमवर पुस्तक घेऊन बसलो तर?"

त्याचं चुकलं नव्हतं. लातूरची रीत तीच होती. नाव कॉलेजात, अभ्यास ट्यूशनला. तास चुकले म्हणून कुणाचं काही बिघडलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. रशियात उलटं होतं. चुकलेला एकेक तास संध्याकाळी त्या त्या शिक्षकासमोर बसून, तोंडी उत्तरं देऊन भरून काढावा लागायचा. राहिला तर परीक्षेला बसू देत नसत, आणि परीक्षा नाही तर नाव कमी. हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी कांदा चिरत होतो. मान वर न करता म्हणालो, "हाव. लातूरसारखंच हाय. इथं हजेरीचं काही नसतं."

ठरवून बोललो नव्हतो. पण शब्द तोंडातून गेला आणि छातीत इतकं हलकं वाटलं की परत घेतला नाही.

त्यानंतर तो दहा-दहा वाजेपर्यंत झोपायचा. आमची खोली एकच. सकाळी त्याची झोप मोडू नये म्हणून मी बूट हातात घेऊन बाहेर पडायचो आणि जिन्यात बसून घालायचो. आयुष्यात कुणाच्या झोपेची इतकी काळजी घेतली नाही. आपल्या घरच्या माणसांचीसुद्धा नाही.

डिसेंबरात त्याच्या नावचा कागद आला. माझ्याकडंच घेऊन आला. "काय लिहिलंय बघ बे."

डीन ऑफिसनं दोन आठवड्यांची मुदत दिली होती. तेवढ्यात बरेच तास भरून निघाले असते. मी म्हणालो, "चादरी धुवायला टाकायची नोटीस हाय." त्यानं बिचाऱ्यानं चादर काढून घडी घातली.

जानेवारीत त्याला परत पाठवलं. भाषा येत नाही म्हणून काढलं, असं मीच त्याला समजावलं. प्लॅटफॉर्मवर मला मिठी मारून रडला. "तू नसतास तर मी महिन्यात पळालो असतो." वाटेत खायला मी पुऱ्या करून दिल्या होत्या. गाडी हलली आणि मी मनात म्हणालो, दोन रिश्टर.

पुढं मी डॉक्टर होऊन नांदेडात दवाखाना टाकला. त्यानं बीएस्सी केलं आणि नांदेडातच क्लास काढला. चांगला चालतो. हजेरी स्वतः घेतो, पोरगं दिसलं नाही की दहा मिनिटांत घरी फोन. माझी मुलगी त्याच्याकडंच जाते. दुसरीकडं घालायला मला कारण सांगता आलं नसतं.

गेल्या दिवाळीत तो फराळाला आला. मुलगी दिवाणावर बसली होती. तिला म्हणाला, "तुझे पप्पा लई भित्रे, माहीत हाय का? कॉट हलवली की असे पळायचे..." आणि पायानं दिवाण हलवला. मुलगी खळखळून हसली.

माफी मागायची म्हणून मी ते इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. किती वेळा मनात वाक्यं जुळवली होती. त्या दिवशी मात्र ते दगडासारखं फेकलं.

"चादरीची नोटीस आठवते?" मी विचारलं. "ती चादरीची नव्हती. हजेरीची होती. तुला मी घालवलं."

त्याच्या हातातली चकली हातातच राहिली. मुलगी एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. मग तो म्हणाला, "कॉटसाठी?"

"बहिणीसाठी. तुला सांगितलं होतं मी."

तो उठला. चपला घालताना मुलीला म्हणाला, "उद्या सहाला. चुकवू नको." माझ्याकडं पाहिलं नाही. मला बरं वाटलं, हे लिहिलं नाही तर बाकीचं सगळं खोटं होईल. वाईट वाटायला दोन दिवस लागले.

मुलगी अजून त्याच्याकडंच जाते. क्लास बदलू म्हटलं तर म्हणाली, "सरांनी मला काय केलंय?" खरंच, अजून काही केलेलं नाही. तिला चांगलंच शिकवतो. पूर्वी ती रिक्षानं जायची, आता मी सोडतो. गाडी बंद करून खिडकीखाली उभा राहतो. तो एकेक नंबर पुकारतो. तिचा नंबर आला आणि तिचं "येस सर" ऐकू आलं की मगच गाडी वळवतो. माणूस काही न करता, नुसतं न सांगता काय करू शकतो, हे मला ठाऊक आहे.