टेकडीचा पाला

आमच्या बदलापूरच्या गच्चीवरची वांगी बघायला सोसायटीतले लोक येतात. परवा एकाने विचारलं, खत कुठलं घालता? मी म्हटलं, घरचंच. धडधडीत खोटं. खत टेकडीचं आहे.

ही टेकडी जांभूळच्या बाजूला. आमच्या शेजारचे काका मोरिवलीच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि रविवारी फिरायला जाणाऱ्या आम्हा शेजाऱ्यांना त्यांनी कामाला लावलं. करंज, शिवण, बेहडा अशी झाडं आमच्याकडून लावून घेतली. पहार त्यांच्या हातात, हुकूमही त्यांचेच. पुढे त्यांचे गुडघे गेले, तेव्हा मला म्हणाले, "आता तू बघ रे. वणव्यापासून तेवढं जप."

मी जपलं. माघ-फाल्गुनात पानं गळायला लागली की आम्ही खराटे घेऊन जायचो, झाडांखालचा पाचोळा झाडून पोती भरायचो. ठिणगी पडली तरी पेटायला काही उरू नये, हे कारण. ते खरंच होतं. पण खाली आणलेली पोती टाकून कोण देणार? त्याच सुमारास आम्हाला गच्चीवरच्या बागेचं खूळ लागलं होतं. उल्हासनगरातून ग्रो-बॅगा आणल्या, पाला कुजवला, आणि वांगी अशी लगडली की बायको ती व्हिडिओ कॉलवर माहेरी दाखवायची. पुढच्या वर्षी आम्ही जरा जास्तच पोती नेली. वणव्याची काळजी वाढली होती ना!

झाडं मात्र खांद्याच्या वर जाईनात. पानं पिवळट, फांद्या काटकुळ्या. आम्ही सगळा दोष मुरमाला दिला. यंदा होळीच्या आधी मी एका कोपऱ्यातल्या करवंदीच्या जाळीत शिरलो. काट्यांमुळे तिथे आमचा खराटा कधी पोचलाच नव्हता. आत एक करंज होता, बाकीच्यांबरोबरच लावलेला, माझ्या दुप्पट उंच. बुंध्याशी हात घातला. वर कोरडा पाला, त्याखाली अर्धवट कुजलेला, आणि त्याच्याही खाली काळी, ओलसर माती. झाड मुळांनी जे ओढून घेतं, तेच पानांतून खाली टाकतं आणि कुजलं की पुन्हा खातं. त्यांचं हे जेवण आम्ही दरवर्षी पोत्यात भरून नेत होतो. पाल्याचं खत होतं हे मला ठाऊक नव्हतं म्हणावं, तर त्याच्यावरच वांगी पिकवली होती. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि ते कुंपण मी. फार लाज वाटली. तरी त्या दिवशी भरलेलं पोतं मी घरी आणलंच.

काकांना वांगी नेऊन द्यायचो तेव्हा ते दर खेपेला विचारायचे, "केवढी झाली रे झाडं?" मी हात डोक्याच्या वर धरायचो. पाला वांग्यांना जातो हे त्यांना माहीत होतं. वाया जात नाही याचं त्यांना कौतुकच वाटायचं.

गेल्या रविवारी त्यांनी हट्टच धरला. रिक्षा पायथ्यापर्यंत नेली. काठी टेकत ते पहिल्या रांगेपाशी गेले आणि आधी जमिनीकडे बघितलं. "किती स्वच्छ ठेवलीयस! काडी लावली तरी पेटायची नाही." मग शेंड्याकडे बघितलं. शेंडा त्यांच्या खांद्याशी होता. त्यावरून ते बराच वेळ हात फिरवत राहिले. 

"माझंच चुकलं," ते म्हणाले. "खड्डे उथळ घेतले. तुम्ही म्हणत होतात अजून खणू या, मीच घाई केली. पोरं उपाशी राहिली बघ माझी."

मी बोलायला तोंड उघडलं. तोवर काका काठीवर भार देऊन वाकले होते आणि नुकती गळलेली पानं एकेक करून वेचत होते. मूठ भरली तशी ती त्यांनी माझ्यापुढे धरली.

"घे, तुझ्या वांग्यांना होतील."

आणि मी ती घेतली.