मुलताईपर्यंतचा श्वास

“माहा पोट्टा आज आमल्यापर्यंत गेला, बाई!” दवाखान्याच्या बाकावर तिगावची एक आई शेजारणीला अभिमानानं सांगत होती. पोट्टा तर तिच्याच मांडीवर होता. मी नागपूरच्या हॉस्टेलमधून सुटीला आलेली. विचारायचं धाडस झालं नाही.

हा सगळा आमच्या कंपाउंडरकाकांचा प्रताप. लहान मुलांचा दमा रेल्वेच्या लायनीवर मोजणारा असा माणूस अख्ख्या पांढुर्ण्यात दुसरा झाला नाही. मूल धापा टाकत आलं की ते आधी नातेवाइकांना बाहेर काढत. “हवा त्याच्यासाठी ठेवा न थोडी!” निजवलेल्याला उठवून, संत्र्याच्या पेटीवर हात टेकवून बसवत, सदरा वर करून बरगड्यांत खड्डे पडतात का पाहत आणि म्हणत, “बोल एका दमात. पांढुर्णा, तिगाव, मुलताई, आमला, बैतूल!” मूल मुलताईच्या पुढं गेलं तर सिरप देऊन बाकावर थांबवत. तिगावलाच दम तुटला तर डॉक्टरांना भरल्या ताटावरून उठवत. सौंसरच्या एका मुलाला ही स्टेशनं ठाऊक नव्हती, तर काका म्हणाले, “मंग सौंसर, बोरगाव, मोहगाव म्हण. तू बसनं जा, बापू.”

मला ते ‘मुकी मेम’ म्हणत. “काहून वो मेम, एक स्टेशन तं बोल!” मी चपलांकडे पाहत राहायची.

एका सकाळी माझा धाकटा भाऊ बबलू त्याच बाकावर होता, तिगावला अडकलेला. डॉक्टरांना निरोप धाडून काका आत सिरिंज उकळत होते. अचानक त्याच्या छातीतली शिट्टी थांबली.

“पाहा, उतरून राहिला दम,” आत्या हरखली. “झोपू दे त्याले.”

पण बबलूचे ओठ निळसर दिसत होते, बरगड्या अजून आत ओढल्या जात होत्या. काका नेहमी आयांना बजावत, “शिट्टी वाजते तोवर गाडी चालू हाय. शिट्टी बंद अन् पोरगं सुस्त, तं मले हाक मारा.” भोवती सगळी मोठी माणसं. मी बबलूच्या कानाशी वाकून म्हटलं, “म्हण ना.” त्याचे नुसते ओठ हलले.

मी उठले आणि सगळ्यांदेखत ओरडले.

काका धावले, मागून डॉक्टर एकाच पायात चप्पल घालून. इंजेक्शन झालं, ऑक्सिजन लागला. दुपारी बबलू मुलताईला पोचला आणि त्यानं बिस्कीट मागितलं.

काका आता नाहीत. ही गोष्ट ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, दर वेळी माझ्या तोंडी नवं, लांबलचक भाषण घालून. मी कधी दुरुस्त केलं नाही. मी ओरडले होते ते एवढंच :

“काका, गाडी पांढुर्ण्यातच थांबली!”