बियाण्यावरची बैठक

माझ्या थोरल्या दिरांना शेतीतलं सगळं कळतं. म्हणजे ते स्वतःच तसं सांगतात. घर आमचं एकच, रानं तेवढी वाटलेली. ओसरीच्या कोपऱ्यात दोन्ही रानांचं सोयाबीनचं बियाणं ठेवलेलं असायचं आणि चहा झाला की दीर त्याच पोत्यांवर मांडी घालून बसायचे. येईल-जाईल त्याला ज्ञान. "बी चांगलं तर रान चांगलं." बूड मात्र त्याच बियावर!

सोयाबीनच्या दाण्याचं साल पापडासारखं. पोतं आपटलं, कुणी वर बसलं की आतला कोंब मोडतो, दाणा वरून टपोराच दिसतो. आमच्यात भावजय थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाही, म्हणून मी जावेच्या तोंडून दोनदा सांगून पाहिलं. ते खो खो हसले. "माझ्या बसण्यानं बी मरतं व्हय? मग उद्यापून गवतावरच बसतो. निंदायची कटकट मिटंल."

आमचे हे ताडकळसला शाळेवर, रान मीच बघते. दिरांच्या डोळ्यांत तेच सलत होतं. त्यांनी ह्यांना बजावलं, "यंदा तिचं पीक फसलं की पुढल्या सालापून तुझ्या वाटणीचं रान मीच करणार." ह्यांनी मान डोलावली. देवानं मान त्यांना तेवढ्यासाठीच दिलेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पेरणीआधी मी गोणपाट भिजवलं, पोत्यातले शंभर दाणे ओळीनं मांडले आणि गुंडाळून ठेवलं. सहाव्या दिवशी उघडलं तर अडतीस उगवलेले, बाकीचे बुळबुळीत, घाण वासाचे. जावेकरवी निरोप धाडला, बी मेलंय, पेरू नका. उत्तर आलं, "बायकांनी फडक्यात मटकीला मोड आणावेत. पेरणी आमाला कळती."

कळते तर कळू द्या! मी तडक वालूरला माहेरी गेले. भावानं जपलेलं बियाणं त्याच्या टेम्पोत खाली गादी घालून आणलं. खड्डा आला की मी ओरडायचे. भाऊ वैतागून म्हणाला, "आक्का, बाळंतिणीला बी एवढं जपत न्हाईत गं."

आठवडा-दहा दिवसांत माझं रान ओळीनं उगवलं. धुऱ्याच्या बांधापलीकडं दिरांच्या रानात चार रोपं इकडं, दोन तिकडं. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मी मुद्दाम धुऱ्यावर बसून भाकरी खाल्ली, सावकाश.

रविवारी ते ह्यांना घेऊन माझ्यासमोर आले. वाटलं, चूक कबूल करतील. कशाचं काय! ह्यांना म्हणाले, "वाटणीत चांगलं रान तुला गेलं रे. अदलाबदल करू." वाटणीच्या वेळी स्वतःचं रान दिरांनीच आधी निवडून घेतलेलं!

आमच्या ह्यांनी जन्मात पहिल्यांदा भावासमोर तोंड उघडलं. "दादा, रान ती करती. तिलाच इचारा."

दिरांनी जावेला हाक मारली. ती चुलीपुढून उठलीच नाही. शेवटी घसा खाकरून ते माझ्याकडं वळले. "काय म्हणता मग?"

"न्हाई," मी म्हणाले. "आन् पुढल्या साली बी मीच पेरणार."

"थोरल्यासमोर तोंड चालवती?"

"तुमीच इचारलं की."

तेव्हापासून ते जावेमार्फतसुद्धा माझ्याशी बोलत नाहीत. लय बरं झालं.