बाळगोंडाण्णांची डुप्लिकेट किल्ली

समजा, साडीच्या पदराचं नवं डिझाइन तुम्हाला माधवनगरहून आटपाडीच्या, साडी विणणाऱ्या मागवाल्याकडे पाठवायचं आहे आणि वाटेत ते कुणाला दिसता कामा नये. तुम्ही काय कराल? फाइलला कुलूप घालाल. मग किल्ली कशी पाठवाल?

एवढा विचार केलात तरी तुम्ही बाळगोंडाण्णांच्या पुढे गेलात.

रूपाली मगदूम अण्णांच्या साडी कारखान्यात डिझाइन काढते. साताऱ्यात कॉम्प्युटर शिकलेली. गेल्या हंगामात तिचा पदर आधी दुसऱ्याच व्यापाऱ्याच्या दुकानात झळकला आणि अण्णांनी चारचौघांत तिच्याकडे बोट केलं. "या बारीला फुटलं तर घरी बसायचं." नोकरीचं सोडा, चोर ठरणं तिला झोंबलं.

म्हणून तिने फाइलला कुलूप घातलं. किल्ली म्हणजे आकड्या-अक्षरांची एक ओळ. किल्ली एकच, त्याच किल्लीने लावायचं, त्याच किल्लीने उघडायचं. फाइल कितीही जड असो, काम झटक्यात होतं आणि फोडणं कुणाच्या बापाला जमत नाही. फक्त ती किल्ली पलीकडे गुपचूप पोचली पाहिजे. अण्णांनी फाइल कारखान्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली, खाली किल्लीही टाकली आणि वर हात जोडल्याचं चित्र.

"आण्णा, कुलपालाच किल्ली लटकवून दिलीसा की."

"समदी आपलीच माणसं हायत गं ग्रुपमदी."

ते डिझाइन रूपालीने रद्द केलं, नवं काढलं आणि दोन किल्ल्यांची पद्धत आणली. आटपाडीचा मागवाला तौसीफ मोमीन याने आपल्या कॉम्प्युटरवर किल्ल्यांची जोडी बनवली. त्यातली एक फक्त कुलूप लावते, ती गावभर वाटली तरी चालते. दुसरी फक्त उघडते, ती तौसीफजवळच राहायची. गुपित कुठे पाठवायलाच नको.

"मग समदं या नव्या पद्धतीनंच लाव," अण्णा म्हणाले. "दोन किल्ल्या म्हंजे डब्बल मजबूत."

"डब्बल न्हाई आण्णा, लय सावकाश. आख्खं डिझाइन त्यात कोंबायचं न्हाई. डिझाइनला पयलंच एका किल्लीचं कुलूप घालू आन त्याची बारकी किल्ली तेवढी तौसीफभाईंच्या कुलपात घालून धाडू."

अण्णांनी मान डोलावली. कळलेल्या गोष्टीवर ते वाद घालतात. मान डोलावतात ती न कळलेल्या गोष्टीला.

डिझाइन आणि बारकी किल्ली, दोन्ही ग्रुपवरच टाकलं. कुलूपबंद आहे, कुणी बघेना का. तौसीफने उघडलं आणि माग सुरू झाला. साड्या तयार होण्याआधीच तो पदर सांगलीच्या गणपती पेठेत विकायला लागला.

रूपालीने तौसीफला फोन लावला.

"न्हाई ताई, माजी किल्ली कुणाला दिली न्हाई. फकस्त आण्णांनी मागिटली. म्हनले, प्रत्येक कुलपाची डुप्लिकेट मालकाकडं पायजेच."

अण्णांची ही जुनी रीत. कारखान्यातल्या झाडून साऱ्या डुप्लिकेट किल्ल्या त्यांच्या केबिनच्या दाराबाहेर एका खिळ्याला टांगलेल्या असतात. ही किल्ली खिळ्याला टांगता येईना, म्हणून त्यांनी ती हरवू नये यासाठी ग्रुपवर ठेवली होती.

तिने फोन अण्णांच्या नाकासमोर धरला. अण्णांनी चष्मा पुसला, वाचलं आणि म्हणाले, "आपलीच माणसं की. तूच कुटं बोलली असशील."

ग्रुपच्या यादीत अण्णांचा साडूही होता. गणपती पेठेतलं ते दुकान त्याचंच. हे माधवनगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मग अण्णांच्या डोक्यात खरंच काही शिरत नाही, की साडूचं नाव घेण्यापेक्षा रूपालीचं घेणं त्यांना सोपं जातं?